नदी, वाडा आणि हलवलेलं गाव

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या लेकीकडे किंवा मुलाकडे जाऊन आलेली मंडळी फोटो दाखवतात, तेव्हा त्यांत एक तरी फोटो असा निघतो: मागे दाट झाडीची टेकडी, मधे पिवळसर दगडाचा अवाढव्य वाडा, पुढे संथ नदी आणि हिरव्या कुरणात चरणारी मेंढरं. बघणारे मग हमखास तीन प्रश्न विचारतात. एका कुटुंबाला एवढं घर लागायचं कशाला? समोरची ती हिरवळ मुळातलीच का? आणि आत जाऊन बघायचं तरी काय, जुन्या खुर्च्या आणि झुंबरं?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी मिळू शकतात. ते ठिकाण म्हणजे डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ. अशा जागी डोळ्यांसमोर जे मांडलेलं असतं ते तर पाहायचंच. पण काय दिसू नये म्हणून कष्ट घेतले गेले, हेही शोधायचं. त्या शोधात घराचा खरा इतिहास हाती लागतो.

१. आधी जागा समजून घेऊ

इंग्लंडच्या मध्यभागी पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. त्यातून डर्वेंट नदी वाहते. बेकवेल या छोट्या गावापासून काही किलोमीटरवर, या नदीच्या पूर्व काठावर चॅट्सवर्थ उभं आहे.

नकाशा मनात पक्का करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. घराच्या मागे, म्हणजे पूर्वेला, चढण आणि जंगल. त्याच्याही वर ओलसर, उघडं पठार. घराचं तोंड पश्चिमेला, नदीकडे. नदीपलीकडे चढत जाणारं कुरण आणि त्या चढाच्या आडोशाला एन्झर नावाचं गाव. थोडक्यात, वर पाणी, मधे घर, खाली नदी आणि समोर गाव.

अशा घराला इंग्लंडमध्ये 'कंट्री हाउस' म्हणतात. तो किल्ला नव्हे आणि राजवाडाही नव्हे. हजारो एकर जमीन असलेल्या उमराव घराण्याचं ते मुख्य ठाणं. खंड इथे गोळा होई, पाहुणे इथे उतरत, राजकारणाची बोलणी इथे होत. पार्लमेंटच्या दिवसांत कुटुंब लंडनच्या घरी जाई आणि मग परत येई. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. हे घर नुसतं राहण्यासाठी नव्हतं. घराण्याची सत्ता आणि ऐपत लोकांना दिसावी, हे त्याचं काम होतं.

२. घर उभं राहिलं कसं?

सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाने इंग्लंडमधले मठ बरखास्त केले आणि त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. त्या कामावर नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक होता सर विल्यम कॅव्हेंडिश. या कामात तो स्वतःही श्रीमंत झाला. त्याची बायको एलिझाबेथ, इतिहासात 'बेस ऑफ हार्डविक' म्हणून ओळखली जाणारी, मूळची डर्बीशायरची. तिच्या आग्रहाने दोघांनी १५४९ साली चॅट्सवर्थची जमीन ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ पासून बांधकाम सुरू केलं.

बेसची एकूण चार लग्नं झाली. तिच्या चौथ्या नवऱ्यावर, अर्ल ऑफ श्रूजबरीवर, स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला नजरकैदेत ठेवण्याची जबाबदारी होती. त्यामुळे मेरी राणीने कैदेतला काही काळ चॅट्सवर्थमध्येही काढला. त्या काळातल्या घराचा बाहेरून आज मागमूस नाही. टेकडीवरचा 'हंटिंग टॉवर' हा मनोरा मात्र बेसच्याच काळातला आहे.

आज दिसणारं घर घडलं ते तिच्या पणतवाच्या मुलाच्या काळात. हा चौथा अर्ल ऑफ डेव्हनशायर. विल्यम ऑफ ऑरेंज या डच राजपुत्राला इंग्लंडच्या गादीसाठी बोलावणाऱ्या सात जणांपैकी तो एक होता. विल्यम राजा झाला आणि १६९४ साली याला 'ड्यूक' हा उमरावांमधला सर्वांत वरचा किताब मिळाला. घराच्या दक्षिणेकडची बाजू तेवढी नवी करायची, असा त्याचा आधी बेत होता. ती झाल्यावर पूर्वेची, मग पश्चिमेची, मग उत्तरेची असं करत १७०७ पर्यंत काम चाललं. राजा विल्यम आणि त्याची राणी मेरी येतील म्हणून त्याने वरच्या मजल्यावर एकापुढे एक अशी शाही दालनं सजवली. राजाराणी कधीच आले नाहीत. ती दालनं मात्र जपली गेली.

३. कुरण नैसर्गिक आहे का?

आता दुसरा प्रश्न. समोरची हिरवळ, तीत विखुरलेले वृक्ष, वळत जाणारी नदी हे सगळं आपोआप झालं असावं असं वाटतं. ते तसं झालेलं नाही.

पहिल्या ड्यूकच्या काळात फ्रेंच पद्धतीच्या बागा प्रतिष्ठेच्या होत्या. सरळ रेषेत कापलेली झुडपं, भौमितिक वाफे, मधे कारंजी. माणूस निसर्गाला शिस्त लावू शकतो, हे अशी बाग ठासून सांगे. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये आवड पालटली. बागेने रानासारखं दिसावं, असं उमरावांना वाटू लागलं. या नव्या पद्धतीचा सर्वांत नावाजलेला कारागीर म्हणजे लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३), ज्याला लोक 'केपेबिलिटी ब्राउन' म्हणत. चौथ्या ड्यूकने त्याला चॅट्सवर्थला आणलं.

ब्राउनने वाफे काढून टाकले आणि तिथे गवत पेरलं. झाडं ओळीत न लावता पुंजक्यांनी लावली. जमिनीचे उंचवटे सपाट करून उतार सलग केले. नदीवर बंधारा घालून पाणी तुंबवलं, त्यामुळे घरासमोर पात्र रुंद आणि संथ दिसू लागलं. जेम्स पेन या वास्तुकाराने तीन कमानींचा दगडी पूल बांधला. पुलावर येताच वाडा तिरका, दोन बाजूंनी एकदम दिसतो. सरळ समोरून पाहिलेल्या घरापेक्षा असं घर भव्य वाटतं, हे बांधणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

अशा बागांमधली आणखी एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. कुरणातली मेंढरं आणि हरणं बागेत शिरू नयेत म्हणून कुंपण हवं, पण कुंपण दिसलं की सलग देखावा तुटतो. म्हणून जमिनीत चर खणून त्याच्या एका अंगाला भिंत बांधत. जनावराला ती ओलांडता येत नाही आणि घराच्या खिडकीतून ती दिसतही नाही. इंग्रज या खंदकाला 'हा-हा' म्हणतात.

तरीही जुनं पूर्ण पुसलं गेलेलं नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा चॅट्सवर्थच्या कुरणात समांतर वरंबे आणि सऱ्या उमटतात. शेकडो वर्षांपूर्वी बैलांच्या नांगराने पडलेल्या या रेषा आहेत. जिथे आज हरणं चरतात तिथे कधीकाळी शेतकरी धान्य पिकवत होते. त्यावर गवत आलं आणि पुन्हा नांगर फिरला नाही, म्हणूनच त्या टिकल्या. माझ्या मते चॅट्सवर्थमधली ही सर्वांत बोलकी खूण आहे, आणि ती पाहायला तिकीट लागत नाही.

४. गाव गेलं कुठे?

शेतं होती तर शेतकऱ्यांचं गावही असणारच. एन्झर हेच ते गाव. पूर्वी त्याची घरं उतारावरून नदीच्या दिशेने पसरलेली होती. चौथ्या ड्यूकला घराच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून दिसणारी घरं नको होती, म्हणून ती पाडण्यात आली. उरलेलं गाव सहाव्या ड्यूकने १८३८ ते १८४२ या काळात चढाच्या आड नव्याने वसवलं. जुन्या जागेवर एकच घर शिल्लक आहे. रस्त्याच्या पलीकडे ते एकटंच उभं असलेलं आजही दिसतं.

नवं एन्झर सुंदर आहे. एक घर स्विस धाटणीचं, एक इटालियन, एक नॉर्मन, अशी दोन घरं सहसा एकसारखी सापडत नाहीत. लोकांना पूर्वीपेक्षा पक्की घरं मिळाली, हेही खरं. पण आपलं गाव कुठे असावं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. मालकाच्या खिडकीतून काय दिसावं यावर ते ठरलं. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवल्याशिवाय असल्या देखाव्याची पुरती किंमत कळत नाही.

एन्झरच्या चर्चमागच्या दफनभूमीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या बहिणीची, कॅथलीनची, कबर आहे. तिचं लग्न या घराण्याच्या थोरल्या वारसाशी झालं होतं. तो १९४४ साली युद्धात मारला गेला आणि १९४८ साली विमान अपघातात तिचाही अंत झाला. जून १९६३ मध्ये केनेडी इथे येऊन गेले.

५. पंपाशिवाय नव्वद मीटर उंच कारंजं

आता वर, पाण्याकडे जाऊ. मागच्या पठारावर पाऊस भरपूर पडतो. तिथले झरे अडवून तलाव केलेले आहेत आणि बागेतलं सगळं पाणी तिथून निव्वळ उतारावर खाली येतं.

पहिल्या ड्यूकने १६९६ साली ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाकडून पायऱ्यांचा धबधबा बनवून घेतला. काही वर्षांत तो लांबवला गेला. त्याचे २४ टप्पे आहेत. प्रत्येकाची घडण थोडी वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज टप्प्यागणिक बदलतो. ब्राउनच्या काळात बाकी फ्रेंच बाग गेली, हा धबधबा राहिला.

दीडशे वर्षांनी सहाव्या ड्यूकला बातमी लागली की रशियाचा झार पहिला निकोलस चॅट्सवर्थला येणार. झारच्या रशियातल्या कारंज्याहून उंच कारंजं आपल्याकडे हवं, असं ड्यूकने ठरवलं. काम त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याच्याकडे होतं. घरापेक्षा सुमारे ३५० फूट उंचावर आठ एकरांचा तलाव खणला गेला. रात्री मशाली पेटवून मजूर राबले आणि सहा महिन्यांत, १८४४ साली, काम पुरं झालं. या कारंज्याची नोंदलेली सर्वाधिक उंची आहे २९६ फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर.

हे चालतं कसं? गच्चीवरच्या टाकीचा अनुभव आठवा. वरच्या मजल्यावर नळाची धार बारीक येते आणि तळमजल्यावर जोरात, कारण टाकी जितकी उंच तितका नळापाशी दाब जास्त. हिशेब सोपा आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे तळाशी साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्यावर हवेचा असतो तितका, दाब वाढतो. तलाव ३५० फूट, म्हणजे १०७ मीटर वर. तेव्हा कारंज्याच्या तोटीपाशी साडेदहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो.

घर्षण मुळीच नसतं तर पाणी तलावाच्या पातळीपर्यंत, १०७ मीटर, उडालं असतं. नळातलं घर्षण आणि हवेचा अडथळा यांत काही जोर खर्च होतो आणि उरते ९० मीटरची उसळी. एवढं वर जायला पाण्याला तोटीतून सेकंदाला किमान ४२ मीटर वेगाने निघावं लागतं. हा वेग ताशी १५० किलोमीटर झाला. यात एकही पंप नाही.

झारही आला नाही. पण पाण्याच्या त्याच दाबावर १८९३ ते १९३६ या काळात चॅट्सवर्थची वीज तयार झाली, आणि १९८८ साली पुन्हा टर्बाइन बसवण्यात आलं. थाटासाठी केलेली सोय शेवटी कामाची ठरली.

६. माळ्याचं काचघर आणि जळगावचं केळं

जोसेफ पॅक्स्टन १८२६ साली चॅट्सवर्थला रुजू झाला तेव्हा त्याचं वय होतं २२. त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे की पहाटे साडेचारला तो पोहोचला, कुणी उठलेलं नव्हतं म्हणून फाटक चढून आत गेला, सगळी बाग फिरून पाहिली आणि सहा वाजता माळ्यांना कामाला लावलं. त्याच सकाळी न्याहारीला घराच्या व्यवस्थापिकेची भाची सारा भेटली. पुढे तिच्याशी त्याचं लग्न झालं. इस्टेटीचा हिशेब सांभाळण्यात तिचा मोठा वाटा होता.

१८३६ पासून काही वर्षांत पॅक्स्टनने इथे सुमारे ८४ मीटर लांब, ३७ मीटर रुंद आणि १९ मीटर उंच काचघर उभारलं. उष्ण प्रदेशातली झाडं इंग्लंडच्या थंडीत जगवायची तर उष्णता हवी. म्हणून तळघरात आठ बॉयलर होते. त्यांचा कोळसा भुयारातल्या रुळांवरून येई आणि धूर जमिनीखालच्या नळाने दूर जंगलातल्या धुराड्यातून बाहेर पडे. १८४३ साली व्हिक्टोरिया राणी घोडागाडीतून आतून फिरली, तेव्हा १२,००० दिवे लावले होते. कोळसा वाहणारे हात मात्र कुणाला दिसले नाहीत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली आणि १९२० साली काचघर पाडलं. त्या जागी आता झुडपांचा चक्रव्यूह आहे. कोळशाचं भुयार टिकून आहे.

इथल्या काचघरांसाठी झाडं जगभरातून येत. जॉन गिब्सन या तरुण माळ्याला ड्यूकने १८३५ साली कलकत्त्याला धाडलं. खासी टेकड्यांतली ऑर्किडं आणि अन्य वनस्पती घेऊन तो १८३७ साली परतला. १८४९ साली ॲमेझॉनच्या राक्षसी कमळाला चॅट्सवर्थमध्ये फूल आलं. त्याच्या पानावर पॅक्स्टनची लहानगी मुलगी उभी राहू शकली. पानाच्या मागच्या शिरांची रचना त्याने नीट अभ्यासली. बारीक लोखंडी सांगाडा आणि काच यांवर मोठी इमारत तोलण्याची कला त्याने चॅट्सवर्थमध्येच पक्की केली आणि १८५१ सालच्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला.

महाराष्ट्राशी थेट नातं जोडणारं झाड आणखी वेगळं. मॉरिशसहून इंग्लंडला आलेलं एक बुटकं केळीचं रोप पॅक्स्टनच्या हाती लागलं. त्याने ते वाढवलं, १८३५ साली त्याला केळफूल आलं आणि पुढच्या वर्षी घड धरला. त्या जातीला घराण्याचं नाव मिळालं: कॅव्हेंडिश. इथली रोपं मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांपर्यंत पोहोचली. विसाव्या शतकात पनामा मर रोगाने 'ग्रो मिशेल' ही तेव्हाची निर्यातीची मुख्य जात उद्ध्वस्त केली, तेव्हा तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली.

रावेर-यावलच्या बागांमधली बसराई, श्रीमंती आणि टिश्यूकल्चरची ग्रँड नैन याच गटातल्या. या गटाचं मूळ आशियातलं. म्हणून जळगावची केळी चॅट्सवर्थच्या रोपाची लेकरं असं म्हणता येणार नाही. कुळ एक, नाव तिकडचं, एवढं नातं नक्की. केळीला बी धरत नाही. मुनव्यापासून किंवा ऊतीपासून केलेलं प्रत्येक रोप आईसारखंच निपजतं. त्यामुळे एका झाडाला मारणारा रोग सगळ्या बागेला मारू शकतो. ग्रो मिशेलचं तेच झालं. मर रोगाचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही ग्रासतो आहे, म्हणून खानदेशातल्या शेतकऱ्याने या इतिहासाकडे लक्ष द्यायला हवं.

७. ड्यूकचं घर लोकांना खुलं कसं राहिलं?

सभ्य दिसणाऱ्या पाहुण्यांना घर दाखवण्याची रीत इथे जुनीच होती. १८४९ साली जवळच्या राउझलीपर्यंत रेल्वे आली आणि कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी झुंडीने येऊ लागले. सहाव्या ड्यूकने त्यांना अडवलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात वेल्समधली पेनऱ्होस ही मुलींची शाळा इथे हलवण्यात आली. राजाराणीसाठी सजवलेल्या दालनांत शाळकरी मुलींच्या खाटा लागल्या.

खरं संकट नंतर आलं. दहाव्या ड्यूकने इस्टेट मुलाच्या नावावर केली होती. त्यानंतर पाच वर्षं तो जगला असता तर वारसा कर लागला नसता. नोव्हेंबर १९५० मध्ये, मुदतीला अवघे १४ आठवडे उरलेले असताना, तो गेला. कराचा दर होता ८० टक्के. हजारो एकर जमीन आणि अनेक मौल्यवान कलाकृती गेल्या. बेसने बांधलेलं हार्डविक हॉलही सरकारकडे आणि तिथून नॅशनल ट्रस्टकडे गेलं. चॅट्सवर्थ वाचलं, कारण अकरावा ड्यूक आणि त्याची पत्नी डेबोरा यांनी ते लोकांच्या भेटींवर चालवायचं ठरवलं. १९८१ साली घर, बाग आणि कुरण सांभाळण्यासाठी धर्मादाय ट्रस्ट स्थापन झाला. कुटुंब स्वतःच्या खोल्यांचं भाडं ट्रस्टला देतं.

ज्या राजांसाठी दालनं आणि कारंजी केली ते फिरकले नाहीत. घर तगलं ते तिकीट काढून येणाऱ्यांच्या बळावर. याचा मला मनापासून आनंद वाटतो.

८. एका दिवसात कसं पाहाल?

चेस्टरफील्ड किंवा शेफील्डपर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने जाता येतं. घर वर्षभर उघडं नसतं आणि धबधबा दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

सुरुवात एन्झरपासून करा. गाव पाहून कुरणातून नदीकडे चाला, जुन्या नांगरटीच्या रेषा शोधा, एकट्या उरलेल्या घरापाशी थांबा. मग पुलावरून वाडा पाहा. आत काय बघायचं, हा आपला तिसरा प्रश्न. आत गेल्यावर सगळं बघण्याचा हट्ट नको. लुई लागेरने ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेलं प्रवेशदालन, शाही दालनांमधलं दारावर टांगल्यासारखं दिसणारं पण केवळ रंगवलेलं व्हायोलिन, आणि सहाव्या ड्यूकचं शिल्पदालन, एवढं निवांत पाहा. बागेत धबधबा, कारंजं आणि कोळशाचं भुयार. पायांत जोर असेल तर जंगलातून हंटिंग टॉवर आणि वरच्या तलावांपर्यंत चढा. तिथून खाली पाहिलं की पठारावरचं पाणी, उतारावरचं घर, नदी आणि आडोशाचं गाव यांचा मेळ ध्यानात येतो.

पुढे दुसऱ्या कुठल्याही मोठ्या घरी गेलात, इंग्लंडमध्ये किंवा अन्यत्र, तर आणखी तीन प्रश्न बरोबर न्या. इथे पाणी येतं कुठून? पैसा आला कुठून? आणि हा देखावा मोकळा करण्यासाठी कुणाला हलावं लागलं? पहिल्याचं उत्तर डोंगराकडे पाहून मिळतं, दुसऱ्याचं घराण्याच्या इतिहासात. तिसऱ्याचं बहुधा कुठल्याच फलकावर नसतं. ते मार्गदर्शकाला आवर्जून विचारा.